पोराच्या शाळेचा सरकारी डेटा कसा काढायचा आणि कसा वाचायचा

ॲडमिशनचे दिवस आले की कोल्हापुरात जो तो विचारतोय, कुठली शाळा चांगली? मग कुणी म्हणतं आमच्या साडूची पोरगी तिथं जाते, कुणी म्हणतं गॅदरिंग लई भारी असतंय. पण शिक्षक किती, वर्गखोल्या किती, पोरींचं टॉयलेट चालू आहे का, हे सगळं सरकार दरवर्षी शाळांकडून भरून घेतंय आणि मोबाईलवर फुकट बघायला मिळतंय, तिकडं मात्र कोण फिरकत नाही.

आधी शाळेचा युडायस नंबर मिळवा, म्हणजे ही सरकारी माहिती भरताना प्रत्येक शाळेला दिलेला ओळख नंबर. बऱ्याचदा दाखल्यावर किंवा प्रगतीपुस्तकावर असतोय, नाहीतर ऑफिसात विचारा. 11 आकडी नंबर, पहिले 27 म्हणजे महाराष्ट्र, पुढचे 34 म्हणजे कोल्हापूर जिल्हा, मग दोन आकडे तालुक्याचे, तीन गाव किंवा वॉर्डाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. म्हणजे आपल्याकडचा नंबर 2734 नं सुरू झाला पाहिजे. नावानं शोधायच्या भानगडीत शक्यतो पडू नका, झेडपीच्या शाळा जिकडं तिकडं विद्या मंदिर, कुमार विद्या मंदिर, कन्या विद्या मंदिर, आणि गावाचं इंग्रजी स्पेलिंग भरणाऱ्यानं काय केलंय ते त्यालाच ठाऊक.

आता गुगलवर ‘युडायस प्लस नो युवर स्कूल’ टाका, सरकारी साईटच उघडा, नंबर घाला, रिपोर्ट कार्ड येतंय. सगळ्यात आधी वर्ष बघा, कारण माहिती बहुतेक वेळा मागच्या वर्षाची असते आणि मधल्या काळात बदल्या झालेल्या असतात.

मग शिक्षक. इथं लोक हमखास फसतात. समजा पहिली ते पाचवीची शाळा, पट 60, शिक्षक दोन. भागाकार केला की 30 ला एक, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातही 60 पटापर्यंत दोनच शिक्षक सांगितलेत, म्हणजे कागदावर सगळं ओके. पण वर्ग पाच आहेत की! एक मास्तर एकाच वेळी तीन वर्ग सांभाळतोय, त्यातून एखाद्या दिवशी दुसरा मीटिंगला गेला तर पाचही त्याच्याच गळ्यात. म्हणून पट भागिले शिक्षक एवढ्यावर थांबू नका, वर्ग किती आणि शिक्षक किती हे शेजारी शेजारी लिहून बघा. सहावी ते आठवीला 35 ला एक हा हिशोब आहे, शिवाय वर्गामागं किमान एक शिक्षक पाहिजे.

टॉयलेटचं पण तसंच, एकूण किती आणि वापरात किती हे दोन वेगळे आकडे असतात, दुसरा बघायचा. आणि ही माहिती शाळाच भरते, तेव्हा पोराला सोडायला गेला की जरा आत डोकावून या, कुलूप आहे का, नळाला पाणी आहे का. माझ्या मते हे पाच मिनिटांचं काम सगळ्या पोर्टलपेक्षा मोलाचं.

गगनबावडा, शाहूवाडीकडच्या छोट्या शाळांचे टक्के बघताना तर जास्तच सांभाळून. आठ पोरं होती, दोन गेली की पट 25 टक्के घसरला, आणि त्यातलं एक घर नुसतं कामासाठी इचलकरंजीला गेलेलं असतंय.

पोरांना वाचता येतंय का, हे युडायस सांगत नाही. त्यासाठी घरोघरी जाऊन पोरांचं वाचन आणि गणित तपासणारा ‘असर’चा अहवाल, पण तो फक्त खेड्यांचा, एका जिल्ह्यात 30 गावं आणि गावात 20 घरं. त्यावरून कोल्हापूर शहराबद्दल बोलता येत नाही आणि तुमच्या गावच्या शाळेबद्दल तर नाहीच. कुपोषण, रक्तक्षय यासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं 2019-21 चं कोल्हापूरचं पत्रक डाऊनलोड करा. त्यात एखादा आकडा कंसात दिसला तर समजा की तो 25 ते 49 जणांवरच काढलाय, त्यावर लई जोर देऊ नका.

काढलेल्या माहितीचं करायचं काय? शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात, त्यांच्याकडं रिपोर्टची प्रिंट आणि एकच प्रश्न घेऊन जा. चार मुद्दे मांडले की चारी चहाबरोबर विरघळतात. मुख्याध्यापकांवर धावून पण जाऊ नका, पद रिकामं असेल तर त्यांच्या हातात काय असतंय, उलट तुमचं पत्र त्यांना वर पाठवायला उपयोगी पडतं. तिथं काम झालं नाही तर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. शहरातली मनपाची शाळा असेल तर प्राथमिक शिक्षण समितीकडं.

तरीपण दाद लागली नाही तर माहिती अधिकार. 10 रुपये फी, ऑनलाइन पण करता येतो, अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत. ‘शिक्षक का नाहीत’ असं विचारू नका, ‘मंजूर पदं किती, भरलेली किती, संचमान्यतेची प्रत द्या’ असं मागा (संचमान्यता म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे सांगणारा सरकारी कागद). मुलांची नावं किंवा आधार नंबर मागायचे नाहीत आणि ग्रुपवर तर टाकायचेच नाहीत. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच ऑफिसच्या अपिलीय अधिकाऱ्याकडं पहिलं अपील टाका, आणि अर्जाची पोच जपून ठेवा, तिथं ती लागते.