नाशकात बायकांच्या कादंबऱ्यांचा वाचनकट्टा कसा सुरू करायचा

कोणी विचारलं काय वाचतेयस, तर पुस्तक पालथं घालून "काही नाही गं, असंच टाइमपास" म्हणणाऱ्या सगळ्याजणींसाठी हे लिहितेय. बायकांनी बायकांसाठी लिहिलेली प्रेमाची, संसाराची, नोकरीची हलकीफुलकी कादंबरी लपवून वाचायची गोष्ट नाहीये, आणि चारचौघीत तिच्यावर बोलायला लागलं की ती लपवायची सवय आपोआप सुटते, म्हणून कट्टा.

माणसं शोधत फिरू नका, भिशीचा ग्रुप असतोच, त्यातल्या सहा-सातजणी पुरतात. वेळ शनिवारी दुपारी तीन ते पाच ठेवा, जेवणाची भांडी आवरलेली असतात आणि संध्याकाळचा स्वयंपाक अजून लांब असतो. जागा कोणाचंही घर, नाहीतर थंडीत कृषीनगर जॉगिंग ट्रॅकच्या बाजूचा एखादा बाक. फक्त एक नियम करा, खायला काय करायचं याची स्पर्धा नाही, चहा आणि बिस्किट बास, नाहीतर जिच्या घरी कट्टा ती पूर्ण वेळ किचनमध्येच राहते आणि पुस्तकावर बोलायला तिलाच मिळत नाही.

आता पुस्तकं. सावाना म्हणजे आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, एकीने मेंबरशिप घेतली तरी सुरुवात होते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमातल्या पेट्या तर थेट सोसायटीत येतात, तिथेही चौकशी करा. पण जुन्या कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्या सहसा निघत नाहीत, त्या माहेरच्या माळ्यावर नाहीतर रद्दीच्या दुकानात सापडतात, पानं सुटलेली, कोपऱ्यात वाचनालयाचा शिक्का. मिळाली की आधी खाकी कव्हर घाला आणि एका वहीत नाव, लेखिका, प्रकाशक, साल लिहून ठेवा. ही वही मला फार महत्त्वाची वाटते, कारण साहित्याच्या इतिहासाच्या जाड पुस्तकांत यातल्या कितीतरी बायकांना एक ओळसुद्धा मिळत नाही, आणि आपणही नाही लिहिलं तर कोण लिहिणार? नवीन हवं असेल तर प्रतिलिपी या अ‍ॅपवर मराठी बायका रोज भागाभागाने लिहितायत, फोनवर वाचता येतं.

बोलायचं कसं, इथे मात्र घाई नको. "आवडलं, छान आहे" वर थांबलात तर तिसऱ्या शनिवारी कट्टा बंद पडेल. मी सांगते काय विचारायचं. या कादंबरीत पैसा कोणाच्या हातात आहे? हिरॉइनचा पगार घरात कोणाकडे जातो, सासूच्या औषधाचं बिल कोण भरतं, तिला एकटीला बसायला घरात जागा आहे का? मग संवाद मोठ्याने वाचा, दोन पानं पुरेत, खोटं वाक्य लगेच कानाला टोचतं. मग शेवट, तो गोड आहे हा मुद्दाच नाही, तिथपर्यंत ती स्वतःच्या निर्णयाने आली की लेखिकेने ढकललं हा मुद्दा आहे. आणि वाईट असेल तर वाईट म्हणा. नवरा थोबाडीत मारतो आणि पुढच्या प्रकरणात गजरा आणला की सगळं माफ, असं असेल तर सोडू नका. आपल्या आवडीच्या गोष्टीची बाजू घ्यायची म्हणजे तिच्यातलं सगळंच चांगलं म्हणायचं असं नाही, उलट नीट पारखलं की मगच आपल्या बोलण्याला वजन येतं.

नाकं मुरडणारे भेटणारच, बऱ्याचदा घरातच. "सगळ्या गोष्टी सारख्याच" म्हणाले तर विचारा, रहस्यकथेत शेवटी गुन्हेगार सापडतोच ना? बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, त्यांची आठवण लोक किती प्रेमाने काढतात, आणि काढावीच, पण मग तेवढंच प्रेम आपल्या लेखिकांना का नाही? "रिकामटेकड्या बायकांचं लिखाण" म्हणाले तर सांगा की सुमती क्षेत्रमाडे डॉक्टर होत्या, योगिनी जोगळेकर शास्त्रीय गायिका होत्या, ज्योत्स्ना देवधर आकाशवाणीत नोकरी करत होत्या. आणि हे नाक मुरडणं आपल्याकडचंच नाही. इंग्रज लेखिका जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थेंगर अ‍ॅबी'त, जी तिच्या मृत्यूनंतर १८१७ च्या डिसेंबरात आली, ऑस्टिन गोष्ट मध्येच थांबवून कादंबऱ्यांची बाजू घेते, कादंबरी वाचताना पकडलेली मुलगी लाजून पुस्तक खाली ठेवते हेसुद्धा तिने लिहून ठेवलंय. आज तीच ऑस्टिन कॉलेजात शिकवतात.

फक्त एक करू नका, "यात सामाजिक संदेश आहे हो" अशी सारवासारव. काही पुस्तकांत असतो, काहींत नसतो. दिवसभर सगळ्यांचं करून रात्री अर्धा तास आपल्यासारख्याच एका बाईची गोष्ट वाचून मन हलकं झालं तर पुस्तकाने त्याचं काम चोख केलंय, आणि तसं हलकं करणारं पान लिहिणं सोपं नसतं, करून बघा एकदा.

राहिलं दिवाळी अंकांचं. किर्लोस्करांचं 'स्त्री' १९३० ला सुरू झालं, नंतर 'मेनका', 'माहेर' आले, बायकांचं किती लिखाण आधी मासिकांतूनच घरोघरी पोचलंय. तेव्हा दिवाळीत वर्गणी काढून अंक घ्या आणि पंधरा-पंधरा दिवस फिरवा. दिंडोरी-पिंपळगावकडच्या, घरी द्राक्षबाग असलेल्या मैत्रिणींना मात्र डिसेंबरातच तीन-चार पुस्तकांचा गठ्ठा देऊन टाका, माल निघायला लागला की मार्च संपेपर्यंत त्या काही कट्ट्याला येत नाहीत, फोनवर बोलून घ्यायचं.