कुत्र्याच्या केसांचं सूत कातताना

सुतासाठी कुत्र्याच्या अंगावरची आतली मऊ लव घ्या. पॉमेरेनियन किंवा हस्की केस गाळायला लागले की ब्रशने विंचरून ती निघते. वरचे राठ केस वेचून टाका, नाहीतर सूत टोचतं. लांबी किमान 4-5 सेंमी हवी.

लव जाळीच्या पिशवीत भरून शाम्पूच्या कोमट पाण्यात अर्धा तास नुसती बुडवा. चोळलीत, की गोळा होऊन नमदा (केसांचा घट्ट गुंतलेला थर) झालाच. कोल्हापूरच्या धो-धो पावसात हे काम काढूच नका. आत ओल राहिली की कुबट वास थेट सुतात उतरतो.

या केसांना लोकरीसारखी कुरळी लहर नसते, त्यामुळे ते एकमेकांना धरत नाहीत. म्हणून टकळीवर पीळ जास्त द्या. वीतभर सूत हळू ताणून बघा: केस सरकून धागा सुटला तर पीळ कमी पडलाय. नवशिक्यांनी धनगरांकडून मेंढीची लोकर आणून लवीत निम्मी-निम्मी मिसळून पिंजावी. दख्खनी लोकर राठ, पण पकड छान देते. मफलरसाठी मात्र मेरिनो मेंढीची मऊ लोकरच घ्या. शेवटी दोन धागे उलट्या पिळाने एकत्र करा, लडी भिजवून सावलीत टांगा.