ब्रिटनमध्ये गाडी घेताय? पहिले 30 दिवस जपा

बारीकसारीक आधी उरकतो. इथे राहायला आल्यापासून 12 महिने भारतीय लायसन्स चालतं. इन्शुरन्सशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. जुन्या मालकाने भरलेला रोड टॅक्स तुमच्या नावावर येत नाही. एमओटीचा, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास सरकारी वेबसाइटवर फुकट दिसतो, तो बघा.

आता मुद्द्याचं. डीलरकडून गाडी घेतली, नवी किंवा जुनी, तर 2015 चा कन्झ्युमर राइट्स ॲक्ट लागू होतो. घेतानाच गाडीत दोष होता असं दिसलं, तर 30 दिवसांत ती परत करून पूर्ण पैसे मागता येतात. तो दोष होता हे मात्र तुम्हाला दाखवावं लागतं, म्हणून स्वतंत्र मेकॅनिककडून लेखी रिपोर्ट घ्या. जुन्या गाडीचं वय आणि ती किती मैल धावलीय ते धरूनच दर्जा ठरतो. दहा वर्षांच्या गाडीचे झिजलेले टायर दाखवून भांडू नका. आणि शोरूममध्ये जाऊन घेतलेली गाडी नुसती आवडली नाही म्हणून परत होत नाही. पूर्णपणे ऑनलाइन घेतली असेल तर डिलिव्हरीनंतर 14 दिवसांत रद्द करता येते, ती गोष्ट वेगळी.

आता जे दर वर्षी कोणीतरी करतंच, ते. आपल्या ओळखीतल्या एका मुलाच्या गाडीचा गिअरबॉक्स दुसऱ्याच आठवड्यात कुरकुरू लागला. तो डीलरला फोन करत राहिला. डीलर गोड बोलणारा: "पुढच्या मंगळवारी आणा, बघतो." असे मंगळवार गेले आणि महिना संपला. लेखी एक ओळ नव्हती. 30 दिवसांनंतर डीलरला दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते. ती फसली तरच गाडी परत करता येते, आणि मग वापरल्याबद्दल पैसे कापता येतात. त्याचे बरेच कापले गेले.

म्हणून लिहा. फोन झाला तरी त्याच दिवशी ईमेल टाका: दोष काय, कधी दिसला, आणि "मी ही गाडी नाकारत आहे." दुरुस्तीला गाडी दिलीत तर तेवढे दिवस मुदत थांबते, पण ती दिल्याची तारीखही लेखी हवी. आपण संकोची माणसं, "कशाला उगाच वाद" म्हणत राहतो. इथला माणूस हसून बोलतो, पण कागदावर नसलेलं त्याला आठवत नाही.

पहिल्या सहा महिन्यांत दुरुस्ती मागताना दोष आधीपासून नव्हता हे सिद्ध करणं डीलरचं काम असतं. "जशी आहे तशी विकली" असं पावतीवर लिहून तो सुटत नाही.

खाजगी विक्रेत्याकडे यातलं जवळजवळ काही नाही. गाडी त्याची स्वतःची असायला हवी आणि वर्णन खरं असायला हवं, बस्स. "परत पुण्याला जातोय, गाडी विकायचीय" अशा ग्रुपवरच्या संदेशाला आपले लोक डोळे मिटून भुलतात. मराठी बोलतो म्हणून क्लच चांगला होत नाही. फायनान्स बाकी आहे का ते तपासा, नाहीतर गाडी फायनान्स कंपनी घेऊन जाऊ शकते.

पैसे देताना डीलरला निदान डिपॉझिट तरी क्रेडिट कार्डाने द्या. गाडीची किंमत 100 पाउंडांपेक्षा जास्त आणि 30,000 पाउंडांपर्यंत असेल, तर डीलर बुडाला तरी 1974 च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम 75 खाली कार्ड कंपनी जबाबदार राहते. हायर परचेसवर, म्हणजे हप्त्यांवर, घेतली असेल तर गाडी नाकारल्याचं पत्र फायनान्स कंपनीलाही पाठवा, कारण हप्ते फिटेपर्यंत गाडी तिचीच असते.