पॉइंट टू-टू पिस्तूल शिकवताय? या चुका टाळा

नवशिक्याने पॉइंट टू-टू (0.22 इंची) पिस्तुलाची गोळी झाडली की शिकवणारा लगेच दुर्बिणीतून टार्गेटचा कागद बघतो. कागद पळून जात नाही, तो मागाहून बघा. आधी हात बघा. उजव्या हाताने मारणाऱ्याच्या गोळ्या खाली डावीकडे जात असतील तर बहुतेक वेळा ट्रिगर झटक्याने ओढला जातोय किंवा अख्खी मूठ आवळली जातेय. अशा वेळी साइटचा (नेम धरायच्या खुणेचा) स्क्रू फिरवून उपयोग नाही. गोळ्या एकाच जागी दाट पडू लागल्या आणि तो पुंजका बाजूला असेल, तरच स्क्रूला हात लावायचा.

पहिल्याच दिवशी भरलेलं मॅगझीन, म्हणजे काडतुसं भरायची डबी, देऊ नका. पिस्तूल सेमी-ऑटोमॅटिक, एक गोळी सुटली की दुसरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला, हजर. आणि नवखा माणूस चांगला नेम लागला की हमखास हसत मागे वळतो, पिस्तुलासकट! सुरुवातीला मॅगझीनमध्ये एकच काडतूस.

पुढे मॅगझीन तुम्ही भरा आणि मध्येच, त्याला न सांगता, एक डमी, म्हणजे न उडणारं खोटं काडतूस, घाला. ट्रिगर दाबला, आवाज नाही, तरी नळीचं तोंड खाली झुकलं, की दचकणं त्याचं त्यालाच दिसतं. तुमच्या दहा व्याख्यानांपेक्षा हे बरं.

दुसरी खोड म्हणजे एका दमात सगळं सांगणं: श्वास, खांदा, मनगट, ट्रिगर. पाच गोळ्यांमागे एकच सूचना पुरे.

"सर, हात हलतोय."

"हलू दे. सगळ्यांचाच हलतो. पुढची साइट बघ आणि ट्रिगर दाबत राहा."

साइट अगदी बरोबर जुळली त्या क्षणी मारू, या नादातच झटका बसतो. 25 मीटरवर काळा गोल 200 मिलिमीटरचा, त्यातला दहा गुणांचा फक्त 50. तो स्पष्ट दिसायचा हट्ट धरला तर पुढची साइट धूसर होते. काही दिवस टार्गेट उलटं लावून कोऱ्या बाजूवर मारायला लावा. आणि हात थकला तर न मारता पिस्तूल खाली घ्यायलाही शिकवा, हे फार कमी जण शिकवतात.

पॉइंट टू-टूचं काडतूस रिमफायर, म्हणजे बार देणारा मसाला त्याच्या बुडाच्या कडेत असतो. कडेला तो नीट पसरलेला नसेल तर गोळी उडत नाही. अशा वेळी नळी टार्गेटकडेच धरून निदान 30 सेकंद थांबायचं, मगच स्लाइड (पिस्तुलाचा मागे सरकणारा भाग) ओढायची. "फुस्स" असा दबका आवाज आला तर पुढची गोळी अजिबात नको. पिस्तूल रिकामं करून नळीत शिसं अडकलंय का ते आधी तपासा.

गोव्यातल्या पावसाळ्यात घामट हातांनी धरलेलं पिस्तूल तसंच फोमच्या पेटीत बंद करू नका. फोम ओल धरतो आणि चतुर्थीच्या सुट्टीनंतर पेटी उघडली की स्लाइडवर तांबूस ठिपके. तेलाचं फडकं फिरवूनच ठेवा.