सी प्रोग्राममधला एरर मेसेज: कुठे छापायचा, काय लिहायचं

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांची फाइल वाचून सरासरी दर काढणारा 'सौदा' नावाचा छोटा प्रोग्राम घ्या. फाइल उघडली नाही की नवशिके प्रिंटएफने नुसतं 'एरर' छापतात. हा मेसेज एसटीडीआउटवर, म्हणजे प्रोग्रामच्या नेहमीच्या आउटपुटच्या वाटेवर, जातो. आउटपुट '>' लावून फाइलमध्ये वळवलं की तक्रारही तिथेच जाऊन बसते आणि स्क्रीन कोरी राहते. शिवाय असा वळवलेला एसटीडीआउट बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) साठतो. प्रोग्राम मध्येच क्रॅश झाला तर साठलेला मजकूर गेलाच. म्हणून तक्रार एफप्रिंटएफने एसटीडीएररवरच, म्हणजे चुकांच्या मेसेजसाठीच्या वेगळ्या वाटेवर, छापा. तिथे मेसेज थांबून राहत नाही, आणि '२>' लावून वेगळा ठेवता येतो.

मेसेज असा हवा:

सौदा: हळद.टीएक्सटी:१४: दर आकड्यात नाही: 'पंधरा हजार'

हे वाचून दिवाणजी थेट चौदाव्या ओळीवर जातात, प्रोग्रामरला फोन करावा लागत नाही. शेवटी नवी ओळ द्यायला विसरू नका.

एफओपन (फाइल उघडणारं फंक्शन) फसलं तर कारणाचा आकडा एररनोमध्ये असतो. पीएरर या फंक्शनला फाइलचं नाव दिलं की पुढे कोलन टाकून ते कारण छापतं. ओळ स्वतः जुळवायची असेल तर त्या आकड्याचं कारण शब्दांत देणारं एसटीआरएरर वापरा. इथे हमखास घोटाळा होतो: मधे दुसरं काही छापलं किंवा एफक्लोजने फाइल बंद केली की एररनो बदलू शकतो. त्यामुळे फसल्याफसल्या तो एका इंट व्हेरिएबलमध्ये उचलून ठेवा. फंक्शन यशस्वी झालं असेल तर एररनो बघूच नका. त्यात जुनाच आकडा असू शकतो.

एका ओळीत दर नसेल तर ती वॉर्निंग. ओळ सोडून पुढे जा, पण किती ओळी सोडल्या ते शेवटी सांगाच, नाहीतर चुकीची सरासरी खरी म्हणून फिरते. फाइलच नसेल तर एरर: एक्झिट_फेल्युअर (काम फसल्याची खूण) परत देऊन थांबा. शून्य परत केलं तर प्रोग्राम चालवणाऱ्या शेल स्क्रिप्टला सगळं सुरळीत वाटतं.

फाइलमधला मजकूर प्रिंटएफ-एफप्रिंटएफला थेट फॉरमॅट (छपाईचा साचा) म्हणून कधीही देऊ नका, '%एस'मधूनच छापा. 'ओलावा १०%' अशी नोंद आली तरी प्रोग्राम बिघडू शकतो, कारण फॉरमॅटमध्ये '%'ला खास अर्थ असतो. जीसीसी या सी कंपायलरला -डब्ल्यूफॉरमॅट -डब्ल्यूफॉरमॅट-सिक्युरिटी हे पर्याय दिले की अशा बऱ्याच जागा कंपाइल करतानाच सापडतात.

तपासायला एसटीडीआउट /डेव्ह/नलकडे (तिथे गेलेलं सगळं टाकून दिलं जातं) वळवा आणि नसलेल्या फाइलचं नाव द्या. तक्रार स्क्रीनवर दिसली पाहिजे.