जुन्या गाडीचा कॅमशाफ्ट बदलताना टायमिंग कसं जुळवायचं

डिस्ट्रिब्युटरवाली (म्हणजे प्लगना आळीपाळीने करंट वाटणारा भाग असलेली) जुनी गाडी असेल तर आधी बॅटरी काढा, मग एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणा. नुसता वर आणून भागत नाही, कारण कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या शाफ्टच्या) निम्म्या स्पीडने फिरतो, म्हणजे क्रँकची खूण दोनदा जुळते आणि त्यातली एकच बरोबर असते. प्लग काढून भोकावर बोट धरा, हवा बोट ढकलायला लागली की समजा कॉम्प्रेशन. रोटर (डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणारा तुकडा) कुठे बघतोय ते डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर मार्क करा आणि फोटो काढाच.

नवीन कॅमबरोबर टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारे तुकडे) पण नवीनच टाका, इथे कंजूषी केली तर लोब (कॅमवरचे उंचवटे) घासून कॅम गेलाच म्हणून समजा. लोबना असेंब्ली ल्यूब (इंजिन जोडताना लावायचं घट्ट वंगण) नीट चोपडा, स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकांच्या) खुणा जुळवा, चेन बसली की क्रँक हाताने दोन फेरे फिरवून खुणा परत बघा.

फ्लॅट टॅपेट (रोलर नसलेले) असतील तर इंजिन चालू झाल्यावर आयडलला सोडू नका, साधारण 2000 ते 2500 आरपीएमवर 20 मिनिटं चालवा.

टायमिंग शेवटी. बहुतेक गाड्यांत व्हॅक्यूम पाइप काढून त्याचं तोंड बंद करतात, आयडलला टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) क्रँकच्या खुणेवर मारून डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवा, रोटरच्या उलट दिशेला फिरवला की ॲडव्हान्स वाढतो, म्हणजे ठिणगी लवकर पडते. डिग्री मॅन्युअलमधलीच ठेवा. बोल्ट आवळल्यावर लाइट पुन्हा मारा, आवळताना हमखास सरकतं.