थंडीत सुरू न होणारे टू-स्ट्रोक क्वाड : नव्या मेकॅनिकसाठी काही अनुभव

अमेरिकेतील मिशिगन राज्यात, सिल्व्हर लेकच्या वाळूच्या टेकड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका लहान वर्कशॉपमध्ये मी टू-स्ट्रोक एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटेवर चालवायच्या चारचाकी ‘क्वाड’ गाड्या, दुरुस्त करायला शिकलो. त्याआधी सांगलीतील दुचाकींच्या गॅरेजमध्ये काम केल्यामुळे पिस्टन, रिंग आणि कार्बोरेटर यांची ओळख होती. मात्र तेथील गाडी रोज रस्त्यावर असे, तर येथील क्वाड कधी कधी सलग दोन हिवाळे शेडमध्ये उभी असते. यामाहाची १९५ सीसीची, केवळ किकवर सुरू होणारी ब्लास्टर आणि दोन सिलिंडरची ३४७ सीसीची बॅन्शी या दोन्ही गाड्या अमेरिकेच्या बाजारात २००६ पर्यंतच विकल्या गेल्या. त्यामुळे हाताखाली येणारे इंजिन जुनेच असते, आणि ‘लवकर सुरू होत नाही’ ही त्याची नेहमीची तक्रार असते.

पाना उचलण्यापूर्वी मालकाला एकच प्रश्न नीट विचारावा: गाडी थंड असताना त्रास देते की गरम झाल्यावर? गरम झाल्यावरच त्रास होत असेल, तर मॅग्नेटमधील (इंजिनासोबत फिरून ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागातील) कॉइलवर संशय घ्यावा, कारण तिच्या तारेचे इन्सुलेशन जुने झाले की थंड असताना मीटरवर योग्य दिसणारा रोध तापल्यावर बदलतो आणि करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, जातो. अशी गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून, ती बंद पडल्याबरोबर तपासावी. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासल्यास सर्व काही ठीकच दिसेल.

थंडीतील तक्रारींपैकी काही तर किक मारण्याच्या सवयीमुळे असतात. या गाड्यांच्या मिकुनी कार्बोरेटरवर आपण ज्याला चोक म्हणतो, तो हवा अडवणारा पडदा नसून जास्तीचे पेट्रोल देणारा स्वतंत्र मार्ग असतो. थ्रॉटल पूर्ण बंद असताना इंजिन जी जोरदार ओढ निर्माण करते, तिच्यावरच हा मार्ग चालतो. एटीव्हीचा थ्रॉटल अंगठ्याने दाबायचा असल्यामुळे नवखा माणूस किक मारताना नकळत तो दाबतो, ओढ नाहीशी होते आणि चोक उचललेला असूनही त्याचा उपयोग होत नाही. म्हणून मी आता मालकालाच माझ्यासमोर किक मारायला सांगतो आणि त्याच्या अंगठ्याकडे पाहतो.

त्यानंतर प्लग काढावा. आठ-दहा किकनंतरही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल येते, पण ठिणगी कमजोर आहे किंवा इंजिन ओव्हर झाले आहे, म्हणजे त्यात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल साचले आहे. ठिणगी पाहताना पेट्रोलची वाफ प्लगच्या भोकातून बाहेर येत असते, याचे भान ठेवावे आणि प्लग त्या भोकापासून दूर टेकवावा. येथील पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्के इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा शोषते आणि गाडी दीर्घकाळ उभी राहिली की कार्बोरेटरच्या तळाशी चिकट थर जमतो. त्यात सर्वांत आधी बुजतो तो पायलट जेट (कमी वेगाला पेट्रोल मोजून देणारी छोटी पितळी नळी), कारण त्याचे भोक केसासारखे बारीक असते. ते तारेने कोरू नये. क्लीनर आणि हवेचा दाब यांनीच ते साफ करावे आणि उजेडाकडे धरून आरपार दिसते का, ते पाहावे.

आता माझ्या हातून झालेली चूक सविस्तर सांगतो. सुमारे २०० सीसीची एक क्वाड आली होती; थंडीत तिला वीस-पंचवीस किक लागत. करंट चांगला होता, कार्बोरेटर मी स्वतः साफ केला होता. सिलिंडरमधील दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावला, तर आकडा ९० पीएसआयपर्यंतच (पीएसआय हे दाबाचे एकक) गेला. १००च्या खाली गेलेले असे इंजिन किकला त्रास देणारच, असा निष्कर्ष काढून मी सिलिंडर उतरवला. पिस्टन, रिंग आणि बोअर तिन्ही मापात निघाले. वरिष्ठ मेकॅनिकने विचारले, “गेज लावला तेव्हा थ्रॉटल उघडा होता का?” तो बंद होता. सिलिंडरमध्ये पुरेशी हवाच शिरत नव्हती, त्यामुळे आकडा खोटा होता. नवीन गॅस्केट घालून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून, काटा वर चढायचा थांबेपर्यंत किक मारल्यावर १२५ दिसले. गॅस्केटचा खर्च मालकावर टाकला नाही.

दोष मात्र तसाच राहिला होता, आणि त्याची खूण पहिल्या दिवसापासून समोर असूनही मी तिच्याकडे लक्ष दिले नव्हते: सुरू झाल्यावर थ्रॉटल सोडला तरी इंजिनाचा वेग लवकर खाली येत नसे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये (सिलिंडरखालच्या, क्रँक फिरतो त्या बंद कप्प्यात) ओढले जाते आणि मग सिलिंडरमध्ये ढकलले जाते. क्रँकच्या टोकाचे रबरी सील गळके असेल तर ही ओढ कार्बोरेटरमधून पेट्रोल आणण्याऐवजी बाहेरची हवा आत घेते. क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअरबॉक्सचे ऑईल जळून पांढरा धूर येतो आणि दोष लवकर कळतो. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले तर धूर नाही, वास नाही. मिश्रण फक्त कोरडे होत जाते, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि तशीच चालवलेली गाडी एक दिवस पिस्टन धरते, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो. इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बुचांनी बंद करून आम्ही हातपंपाने ६ पीएसआय हवा भरली. हा दाब सहा मिनिटे जवळजवळ टिकायला हवा. येथे तो मिनिटभरात शून्यावर आला, आणि मॅग्नेट काढून साबणाचे पाणी लावताच सीलच्या कडेला बुडबुडे आले.

सील बदलल्यावर दुसऱ्याच किकला इंजिन सुरू झाले, पण दहा मिनिटांत प्लग काळा आणि ओला निघाला. कार्बोरेटर साफ करताना पायलट जेटवरील नंबर मी वाचलाच नव्हता. तो कंपनीच्या मापापेक्षा दोन पायऱ्या मोठा होता. आत शिरणाऱ्या हवेची भरपाई करण्यासाठी आधी कोणीतरी तो बसवला असावा. मूळ मापाचा जेट लावून गाडी रात्रभर बाहेर उभी ठेवली. सकाळी तापमान शून्याखाली ६ अंश सेल्सिअस असताना, चोक पूर्ण उचलून आणि थ्रॉटलला अंगठा न लावता तिला तीन किक लागल्या. तो आकडा लिहून मी जॉब कार्ड बंद केले.